पाहुणे कोण?

आमच्या कुसगावात शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे पाहुण्यांचे वार समजले जातात. शुक्रवारी दिवेलागणीला मुंबईच्या मोटारी घाट चढून येतात, शनिवारी धबधब्याखाली भिजतात आणि रविवारी चिक्कीची पुडकी घेऊन घाट उतरतात. याच तीन वारी जगातले तीन मोठे धर्म सामुदायिक प्रार्थनेला उभे राहतात, हेही मला पुस्तकातून ठाऊक होते. शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार यहुद्यांचा, रविवार ख्रिस्ती लोकांचा. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. तो लावून दिला माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

गोष्ट आषाढातली. लोणावळ्याचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला वर्णनाची गरज नाही आणि ज्याने पाहिला नाही त्याला वर्णन करून पटणार नाही. वीज गेलेली, वर्गात दुपारी बाराला तिन्हीसांजा झालेल्या, आणि मी निबंधाच्या वह्या वाटीत होतो. एका मुसलमान विद्यार्थिनीची वही तिच्या हाती देताना मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "वा! तुझं मराठी किती स्वच्छ आहे गं!"

मुलगी हसली नाही. वही उघडून पाने चाळली आणि हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? सगळ्यांच्या वह्या लाल शाईनं भरलेल्या असतात. माझ्या वहीत एकही खूण नसते. मी इतकं चांगलं लिहिते का? की मी पाहुणी आहे म्हणून?"

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात बोलतो आहे. 'की' या उभयान्वयी अव्ययात एवढे बळ असते, हे मला त्या दिवशी कळले. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी येऊन आठवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, दोन वर्षांत मी तिला निबंधाला दोनच विषय सुचविले होते: एकदा 'ईद' आणि एकदा 'राष्ट्रीय एकात्मता'. बाकीची मुले पावसावर, आजीवर, एस.टी.च्या प्रवासावर लिहीत होती. तिला पाऊस नव्हता, आजी नव्हती, एस.टी. नव्हती. तिला फक्त धर्म होता, आणि तोही मी दिलेला!

आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मग त्या धर्माची तुम्हांला माहिती तरी किती आहे?" प्रश्न सरळ होता. उत्तर लाजिरवाणे होते. म्हणून गेले चार महिने मी वाचीत होतो. त्या वाचनाचा हा फराळ.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, हे तीन धर्म म्हणजे तीन वेगळी घरे नव्हेत. पुण्याच्या जुन्या वाड्यात जशी चुलत्या-पुतण्यांची तीन बिऱ्हाडे असत, चूल वेगळी पण मूळपुरुष एक, तसा हा प्रकार आहे. मूळपुरुषाचे नाव यहुदी अव्राहाम म्हणतात, ख्रिस्ती अब्राहाम म्हणतात, मुसलमान इब्राहिम म्हणतात. देव एकच आहे, तो निराकार आहे, त्याची मूर्ती करू नये, तो न्यायी आहे आणि दयाळूही आहे, माणसाला आपल्या कर्मांचा जाब त्याच्यापुढे द्यावा लागेल, हे तिन्ही बिऱ्हाडांना वडिलार्जित मिळालेले धन आहे. नावेसुद्धा सामाईक आहेत. ज्याला आपण मूसा म्हणतो तोच मोशे आणि तोच मोझेस. दाऊद तोच दाविद, युसूफ तोच योसेफ, सुलेमान तोच शलमोन, याकूब तोच याकोब. येशूची आई मरिया. तिच्या नावाचा, मरियमचा, एक संपूर्ण अध्याय कुराणात आहे.

मग भाऊबंदकी कशावरून? वाड्यांत होते तशीच: शेवटचे मृत्युपत्र कोणते, यावरून.

यहुदी म्हणतात, देवाने आमच्या पूर्वजांशी करार केला, मोशेच्या हाती धर्मशास्त्र दिले, दहा आज्ञा दिल्या. तो करार आजही चालू आहे आणि तारणारा मसीहा अजून यायचा आहे. ख्रिस्ती म्हणतात, मसीहा येऊन गेला. नासरेथचा येशू तोच तो. तो देवाचा पुत्र, माणसांच्या पापांसाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. करार नवा झाला. मुसलमान म्हणतात, मूसा खरा आणि ईसाही खरा. ईसा कुमारिकेच्या पोटी जन्मला हेही खरे. पण तो पैगंबर होता, देवपुत्र नव्हे, कारण अल्लाला पुत्र नाही. आणि तो क्रुसावर मेला नाही. पैगंबरांच्या मालिकेतले शेवटचे महंमद, आणि शेवटचा शब्द कुराण. श्रद्धेचा उच्चार, पाच वेळची नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असल्यास हजयात्रा हे त्या धर्माचे पाच खांब.

इतिहासाचे सन थोडक्यात सांगतो. यरुशलेमचे दुसरे मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले. तेव्हापासून यहुदी धर्म देवळावाचून, ग्रंथाच्या आणि शनिवारच्या आधाराने जगला. ख्रिस्ती लोकांना रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली ती ३१३ मध्ये. १०५४ च्या सुमारास पूर्व आणि पश्चिम अशी त्यांची फाटाफूट झाली, आणि १५१७ मध्ये ल्यूथरने आणखी एक भिंत घातली. महंमद पैगंबरांनी मक्का सोडून मदिना गाठली ती ६२२ मध्ये. तेथून हिजरी सन सुरू होतो. ६३२ मध्ये ते गेले आणि वारसा कोणाचा, या वादातून पुढे सुन्नी-शिया हा भेद झाला. ६८० मध्ये करबलेस हुसेन मारला गेला. त्याचा शोक मोहरमला आजही होतो.

पंचांगाची गंमत तर आपल्या मंडळींना आवडण्यासारखी आहे. यहुदी महिने चांद्र, पण ऋतू घसरू नयेत म्हणून ते आपल्यासारखाच अधिक मास धरतात, एकोणीस वर्षांत सात. मुसलमानी वर्ष निखळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे; अधिक मास नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत साऱ्या ऋतूंतून फिरते. ख्रिस्ती वर्ष सौर; पण ईस्टरचा रविवार काढायला त्यांनाही चंद्र पाहावा लागतो. तिन्ही बिऱ्हाडांच्या खिडक्या आकाशाकडेच उघडतात. कोण कोणत्या खिडकीशी बसतो एवढाच फरक.

पण हे झाले दूरदेशीचे. माझा खरा प्रश्न होता तो घाटाखालचा आणि घाटावरचा. हे लोक आपल्याकडे पाहुणे केव्हा झाले, आणि पाहुणे राहिले केव्हा नाहीत?

वडीलधाऱ्या बिऱ्हाडापासून सुरुवात करू. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. राहिले काय? तर 'शमा' ही एक प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. पण शनिवारी बैल जुंपीनात, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. ते पेणकर झाले, रोहेकर झाले, दिवेकर झाले, किहीमकर झाले. आपले मूळ सण ते मराठी नावांनी साजरे करीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. मक्काबींनी मंदिर शुद्ध केल्याच्या आठवणीचा दिव्यांचा सण, हनुक्का, मात्र त्यांना माहीत नव्हता. तो सण इ.स.पू. १६४ च्या घटनेचा. त्यावरून आपले पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा तर्क त्यांच्यापैकी काही जण करतात. दिव्यांचा सण विसरलेले लोक दिव्यांच्या सणाच्या देशात येऊन राहिले!

पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ आला. हे खरेच आपले लोक आहेत का, याची त्याने परीक्षा घेतली अशी कथा आहे. बायकांपुढे टोपलीभर मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेचून काढले, बाकीचे खात नाही म्हणाल्या. परीक्षा उतरली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मग पलटणीत आणि आगगाडीच्या नोकरीत शिरून हे लोक घाट चढून आले. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. पुण्याचे लाल देऊळ आपण सगळे ओळखतो. ते १८६७ चे, बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी उभारलेले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती १८७४ मध्ये पुण्यात छापलेली वल्हांडणाच्या रात्रीची पोथी. एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी, आणि चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिरीच्या भाकऱ्या करीत आहेत. मोशेने मिसर देशातून लोक सोडवून आणले, आणि त्यांच्या लेकी पुण्यात साडी नेसून पोळपाटापाशी बसल्या! अब्राहाम-मोशेच्या कथा ते कीर्तनातून सांगत. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, गूळ-साखर, खोबरे घालून मलिदा करीत.

१९४८ मध्ये इस्रायलचे राज्य झाले आणि बहुतेक जण तिकडे गेले. तेथे काय झाले पाहा. तेथील धर्मपीठाने विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्ने लावण्यापूर्वी वंशाची चौकशी हवी! पुन्हा टोपली, पुन्हा मासे. या लोकांनी उपोषणे केली, धरणे धरले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला. दोन हजार वर्षे जे येथे पाहुणे म्हणून मोजले गेले नाहीत, ते स्वतःच्या घरी जाऊन पाहुणे ठरले. त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मायबोली हा शब्द कोणाच्या मालकीचा, हे आता तुम्हीच सांगा.

मधल्या बिऱ्हाडाची कथा अधिक अवघड आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या; देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. नवख्रिस्ती लोक म्हणत होते, आमची पुराणे तर सुटली, आता ऐकायचे काय? म्हणून त्याने ज्ञानेश्वरांची ओवी उचलली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मराठीची स्तुती त्याने इतक्या प्रेमाने केली आहे की, ती वर्गात शिकविताना दरवर्षी माझा आवाज जड होतो.

परंतु येथेच थांबलो तर ते खोटे होईल. जी राजवट हे पुराण छापू देत होती, त्याच राजवटीत देवळे पडली. मंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला यावे लागले. १५६० मध्ये धर्मसमीक्षण-सभा बसली, ती १८१२ पर्यंत टिकली. १६८४ मध्ये तर लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम निघाला. म्हणजे स्टीफन्सने ज्या बोलीत देव आणला, तीच बोली पुढे दोषी ठरली. धर्म आणि धर्माची सत्ता या दोन गोष्टी आहेत; विद्यार्थ्यांनी त्या वेगळ्या ओळखाव्यात, एवढेच मास्तर सांगू शकतो.

सत्तेवाचून धर्म मराठीत आला की काय होते, याचेही दाखले आहेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटले, लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे परत आल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्याला त्यांनी असा एक दागिना घातला की, आम्हा एम. ए. झालेल्यांनी आपल्या पदव्या खिशात घालून ठेवाव्यात. पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. आमच्या उंबरठ्यावरच, लोणावळ्यात, अँथनी डिमेलो या जेझुइटाने १९७८ मध्ये आपली साधना संस्था आणली. सर्व धर्मांच्या गोष्टी सांगून ख्रिस्ती माणसांना ध्यान शिकविणारा हा पाद्री १९८७ मध्ये गेला; १९९८ मध्ये रोमने त्याच्या काही मतांना आक्षेप घेतला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी 'सुबोध बायबल' दिले, ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही कोणी कोणी विचारलेच: हे आपले कसे? २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. प्रश्न आहेच.

राहिले धाकटे बिऱ्हाड. इस्लाम महाराष्ट्रात आला तो तलवारीबरोबर, असे आपण शाळेत शिकतो. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला १२९६ मध्ये, हे खरेच. पण त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी, दहाव्या शतकाच्या आरंभी, अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता आणि तेथे त्याने हजारो मुसलमानांची नांदती वस्ती पाहिली. राज्य राष्ट्रकूटांच्या मांडलिकाचे होते. व्यापारी आले, येथल्या बायकांशी संसार केले, घोडे विकले, मिरी नेली. ही आवकजावक त्याहूनही जुनी. येथून जवळच कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. समुद्र घाट चढून मावळात येतो, ही काही आजची गोष्ट नाही.

आणि मग श्रीगोंद्याचा शेख महंमद. सतराव्या शतकातला हा साधू 'योगसंग्राम' लिहितो, 'निष्कलंकप्रबोध' लिहितो, ओवी वापरतो, आपले मुसलमान कूळ लपवीत नाही आणि त्याबद्दल क्षमाही मागत नाही. 'अंबरहुसेनी' ही गीतेवरची टीका लिहिणारा हुसेन अंबरखानही त्याच शतकातला. यांना आम्ही अभ्यासक्रमात 'मुसलमान मराठी संतकवी' असे वेगळे प्रकरण देतो. प्रकरण वेगळे, पान वेगळे, पाट वेगळा. मानाचा असेल, पण पाहुण्याचाच!

चार महिन्यांच्या वाचनानंतर मी माझ्या टेबलाकडे पाहिले. कागद, शाई, दौत: सारे शब्द फारसी-अरबीकडून आलेले. ज्या चावीने कपाट उघडतो ती पोर्तुगीज. महिन्याचा पगार पोर्तुगीज. बशीतल्या शंकरपाळ्याचे मूळ फारसी शक्करपाऱ्यात, आणि त्याच्या शेजारचा काजू पोर्तुगीजांबरोबर आलेला. गंमत अशी की, शाई म्हणजे मुळात काळी. 'स्याह' म्हणजे काळा. म्हणजे 'लाल शाई' हा शब्दच चूक, आणि त्याच चुकीच्या शाईने मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढीत आलो.

दसऱ्यानंतर ती मुलगी कॉलेजच्या वार्षिकासाठी लेख घेऊन आली. विषय तिनेच निवडला होता: 'आमची भातकापणी'. इंद्रायणी भाताच्या वासाबद्दल, विळ्याने कापलेल्या बोटाबद्दल, ओली पेंढी उलटताना निघणाऱ्या खेकड्यांबद्दल आणि दुपारी बांधावर भाकरी खाताना ओव्या म्हणणाऱ्या आजीबद्दल तिने लिहिले होते. चांगले लिहिले होते. मी पेन उघडले. तिच्यासमोरच लाल शाईने एक वाक्य तोडले, एक विशेषण खोडले, आणि 'आणि' हा शब्द तिने तीनदा दीर्घ लिहिला होता तो तिन्ही ठिकाणी ऱ्हस्व केला. खाली लिहिले: 'शेवट घाईने केला आहे. पुन्हा लिहिणे.'

तिने पान पाहिले. मला वाटले, रागावली. पण ती हसून म्हणाली, "सर, आईला दाखवते. म्हणावं, यंदा चुका निघाल्या!"

लेख तिने पुन्हा लिहिला. शेवट अजूनही थोडा घाईचाच आहे. मी पुन्हा खूण केली आहे.

असो. बाहेर आमच्या सौभाग्यवती आकाशकंदील लावायला हाका मारीत आहेत. जाता जाता सांगतो: कंदील हा शब्दही अरबी आहे, आणि अरबांकडे तो ग्रीक-लॅटिनकडून आला. मी स्टुलावर उभा आहे, खाली शुक्रवारच्या मोटारींचे दिवे घाट चढून येत आहेत, आणि सौभाग्यवती विचारीत आहेत की तो नीट लागला का. लागला आहे.